पन्हाळा रोडचा बंगला घ्यावा का? आधी फाटकाबाहेर बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई मूळच्या कोल्हापूरच्या. नवरा-बायको दोघं पुण्यात नोकरीला आणि दोघांचंही काम आता बहुतेक घरूनच चालतं. आईवडील कोल्हापुरातच राजारामपुरीत, सत्तरीच्या पुढे. मुलगी आठवीत. पन्हाळा रोडला, शहरापासून साधारण 13 किलोमीटरवर, डोंगराच्या उताराला 22 बंगल्यांची एक फाटकबंद वसाहत आहे. तिथला 2016 साली बांधलेला बंगला विकायला आहे. 8 गुंठे जागा, 2,400 चौरस फूट बांधकाम, क्लबहाऊस, पोहण्याचा तलाव, महिना 6,500 रुपये देखभाल. मालकाची मागणी 1 कोटी 85 लाख. त्याच वसाहतीतले रिकामे प्लॉट 12 लाख रुपये गुंठ्याने मिळतात, असं एजंटनेच सांगितलं. मागच्या बेडरूमच्या खिडकीजवळ एक भेग दिसली, "ती प्लास्टरची आहे" असं मालक म्हणाले. घ्यावा का?

मी सिव्हिल इंजिनिअर आहे आणि बँकांसाठी मालमत्तांचं मूल्यांकन करतो. कोल्हापूर आणि आसपासच्या तालुक्यांत या कामाला पंचवीस वर्षं होऊन गेली. आधी उत्तर देतो, कारणं मागून. या किमतीला घेऊ नका. रस्ता, पाणी आणि कागद यांची समाधानकारक उत्तरं मिळाली तर दीड कोटीच्या आत-बाहेर विचार करा. आणि शक्य असेल तर आधी एक पावसाळा याच वसाहतीत भाड्याने राहा.

आता किमतीचं बोलू, कारण ते गणित पाच मिनिटांचं आहे. बंगल्याची किंमत म्हणजे जागा आणि बांधकाम, दोन्ही वेगवेगळं मोजायचं. आज तसं बांधकाम नव्याने करायला चौरस फुटाला 2,200 रुपये धरू. 2,400 फुटांचे झाले 52 लाख 80 हजार. इमारतीचं आयुष्य 60 वर्षं आणि शेवटी 10 टक्के भंगारकिंमत धरली, तर नऊ वर्षांची घट होते साडेतेरा टक्के, म्हणजे सात लाखांच्या थोडी वर. उरले 45 लाख 70 हजार. कुंपण, बोअर, सोलर, बागेचं काम मिळून 6 लाख धरा. 1 कोटी 85 लाखांतून हे वजा केलं तर मालक तुमच्याकडून जागेचे 1 कोटी 33 लाख मागतोय, म्हणजे गुंठ्याला साडेसोळा लाखांच्या वर. शेजारचा रिकामा प्लॉट 12 ला मिळतोय. 12 च्या दराने हिशेब केला तर सगळं मिळून 1 कोटी 48 लाखांच्या आसपास येतं. मधले 37 लाख कशाचे, ते मालकाने सांगायला पाहिजे. "व्ह्यू आहे" हे उत्तर मला मान्य नाही. व्ह्यू शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरूनही तोच दिसतो.

बँकही असाच हिशेब करते. 75 लाखांवरच्या गृहकर्जाला मालमत्तेच्या मूल्याच्या 75 टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते, आणि करारातली किंमत व मूल्यांकन यांतली जी कमी ती धरतात. मूल्यांकन 1 कोटी 48 लाख आलं तर कर्ज मिळेल 1 कोटी 11 लाखांपर्यंत. उरलेले 74 लाख खिशातून, वर मुद्रांक शुल्क वेगळं. नोंदणी फी 1 टक्का असली तरी 30 हजारांवर जात नाही, आणि खरेदी तुमच्या एकटीच्या नावावर झाली तर मुद्रांक शुल्कात महिलांची 1 टक्का सवलत बसते. 50 लाखांवरचा व्यवहार असल्याने मालकाच्या रकमेतून 1 टक्का टीडीएस (आयकर) कापून भरणं तुमच्या माथी आहे, हे बरेच जण विसरतात.

हे झालं कागदावरचं गणित. खरी किंमत ठरते ती फाटकाच्या बाहेर.

सगळ्यात आधी रस्ता. तुम्ही कोल्हापूरच्या, त्यामुळे रेडेडोह फुटणं, म्हणजे पंचगंगेचं पाणी तिथून काठ सोडून बाहेर पडणं, हे तुम्हाला सांगायला नको. पण पुण्यात राहून विसरायला होतं. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. नदी चढत राहिली की रेडेडोह फुटतो आणि आंबेवाडी-केर्लीच्या पट्ट्यात पन्हाळा रस्त्यावर पाणी येतं. 2019 आणि 2021 ला नदी 55 फुटांच्या वर गेली होती. तुमचा बंगला डोंगराच्या उतारावर आहे, तिथे पाणी येणार नाही हे खरंच आहे. एजंट तेच सांगणार, "पूररेषेचा प्रश्नच नाही." पण बंगला कोरडा आणि रस्ता पाण्याखाली, याला मी बेट म्हणतो. तिकडून वाघबीळ, बोरपाडळे, कोडोली करत महामार्गाला जाता येतं, पण त्या दोन्ही वर्षी महामार्गच शिरोलीजवळ बंद होता. म्हणजे आईवडील राजारामपुरीत, तुम्ही डोंगरावर आणि मध्ये नदी. वडिलांना रात्री सीपीआरला, म्हणजे शहरातल्या सरकारी दवाखान्यात, न्यायची वेळ आली तर काय, हा प्रश्न भीती घालायला विचारत नाही. आईवडिलांजवळ राहायचं म्हणून तुम्ही गावाकडे येताय ना? मग वर्षातले ते चार-सहा दिवस कोण कुणाजवळ असेल हे घरात बसून ठरवा. एका कुटुंबाने यावर साधा तोडगा काढला. हवामान खात्याचा इशारा आला आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडायला लागले की आईवडील दोन बॅगा भरून वर राहायला येतात. त्यांना ते जमतं. तुमच्या वडिलांना राजारामपुरी सोडवेल का ते तुम्हालाच माहीत.

याच रस्त्यावर रत्नागिरी-नागपूर महामार्गाचं चौपदरीकरण आहे. वसाहतीचा जोडरस्ता महामार्गाला नेमका कुठे मिळणार, तिथे दुभाजकाला तोंड मिळणार की तीन किलोमीटर पुढे जाऊन वळून यावं लागणार, हे नकाशावर बघा. आणि चैत्र यात्रा. जोतिबाच्या चैत्र पौर्णिमेला लाखो लोक याच बाजूने जातात. त्या दोन-तीन दिवसांत गाडी बाहेर काढायची नाही, हे स्वीकारून राहायचं. तसंच शनिवार-रविवारी पन्हाळ्याची गर्दी. गुलालाने माखलेल्या ट्रॅक्टरांच्या मागे तासभर थांबायला मला काही वाटत नाही, पण पुण्याचा ट्रॅफिक नको म्हणून येणाऱ्याने आधी बघून ठेवावं.

रस्त्याचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे आणि तो कोणी दाखवत नाही. मुख्य रस्त्यापासून वसाहतीच्या फाटकापर्यंतचा तुकडा. तो कुणाच्या गटातून जातो? 2008 साली मी स्वतः शहराच्या दक्षिणेला एका वसाहतीत 6 गुंठे घेतले. आतला रस्ता 9 मीटरचा, मंजूर रेखांकनातला, अगदी व्यवस्थित. पण डांबरी रस्त्यापासून पहिले दोनशे फूट एका शेतकऱ्याच्या रानातून जात होते आणि त्याचा कागद म्हणजे त्याचा शब्द. माणूस शब्दाचा पक्का होता, पण गेला. वर्षश्राद्ध झालं आणि मुलांनी एका सकाळी जेसीबीने आडवी चर मारली. मी तिथे पोचलो तेव्हा थोरला मुलगा बांधावर बसून चहा पीत होता. मलाही त्याने चहा दिला. म्हणाला, "साहेब, आबांनी पायवाट दिलेली, तुमच्या क्रेटाला नाही." तहसीलदारांकडे मामलेदार कोर्ट कायद्याखाली अर्ज, स्थळपाहणी, तारखा, यात तीन वर्षं गेली. शेवटी सगळ्या प्लॉटधारकांनी वर्गणी काढून ती पट्टी रीतसर खरेदी केली. मी इंजिनिअर, लोकांना सल्ले देणारा, आणि मीच तो दोनशे फुटांचा सातबारा काढला नव्हता. तेव्हापासून कुणाचंही काम आलं की मी पहिला उतारा रस्त्याचा काढतो, मग घराचा.

तुम्हीही तेच करा. महाभूनकाशावर (शासनाच्या ऑनलाइन जमीन नकाशावर) गट बघा, रस्त्याच्या पट्टीचा सातबारा काढा. तो रस्ता शासकीय नकाशावर पाणंद म्हणून आहे का, खरेदी केलेला आहे का, की नोंदणीकृत हक्कपत्र आहे, यांतलं काहीतरी एक असायलाच पाहिजे. "गेली दहा वर्षं वापरतोय" यावर 1 कोटी 85 लाख लावू नका. उलट बाजूही तपासा. वसाहतीच्या आतून वरच्या शेतकऱ्यांची वहिवाट आहे का? असेल तर तुमचं फाटक नुसतं शोभेचं. उसाची ट्रॉली त्यातून जाणार आणि ती जाणं त्यांचा हक्कच आहे.

आता कागद. तुम्हाला दिलेल्या फाइलमध्ये ग्रामपंचायतीचा आठ उतारा आहे असं तुम्ही लिहिलंय. त्याला मालकी समजू नका. नमुना 8 हा घरपट्टी आकारणीचा उतारा आहे. ग्रामपंचायत घरपट्टी वसूल करते म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही. तलाठ्याचा 8अ हा जमिनीच्या खात्याचा उतारा वेगळा. नावं सारखी असल्याने ही गल्लत रोज होते. तुम्हाला हवी आहे बिगरशेतीची सनद किंवा आदेश, नगररचना खात्याने मंजूर केलेलं रेखांकन, बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र. 42 गावांचं कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण 2017 साली झालं. बंगला 2016 चा आहे, म्हणजे त्याआधीचा. तेव्हा परवानगी कुणी दिली ते नीट बघा. नुसतं सरपंचांच्या सहीचं पत्र असेल तर तिथेच थांबा. गाव त्या 42 मध्ये येतं की बाहेर आहे हेही विचारा, कारण उद्या वर एक खोली चढवायची झाली तर कुठल्या दारात उभं राहायचं ते त्यावर ठरतं.

"फार्महाऊस" हा शब्द कुठे दिसला तर कान टवकारा. शेतजमिनीवरचं फार्महाऊस आणि बिगरशेती प्लॉटवरचा बंगला यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्या राज्यात शेतजमीन विकत घ्यायला खरेदीदार शेतकरी असावा लागतो. शिवाय 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत फार्महाऊसला किमान 0.4 हेक्टर, म्हणजे साधारण एकरभर जागा लागते. 8 गुंठ्यांवर फार्महाऊस बसतच नाही. एकराच्या सातबाऱ्यावर पाच जणांची नावं सामाईक लावून प्रत्येकाला "तुझे आठ गुंठे" म्हणून खडूने आखून दिलेल्या वसाहती मी पाहिल्या आहेत. कागदावर त्यातला तुमचा तुकडा कुठला, हे देवालाही सांगता येत नाही. तुमच्या प्लॉटचा सातबारा स्वतंत्र असला पाहिजे.

सातबाऱ्यावर भूधारणा पद्धत कोणती ते बघा. भोगवटादार वर्ग-1 असेल तर ठीक. वर्ग-2 असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही. कोल्हापूरला हे जरा जास्तच तपासावं लागतं. 1949 पर्यंत आपलं संस्थान होतं, त्यामुळे इनामं आणि वतनं गावोगाव आहेत. त्यात पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीच्या अखत्यारीत तीन हजारांवर मंदिरं, आणि त्यांच्या जमिनी ठिकठिकाणी. जोतिबाच्या पायथ्याशी व्यवहार करताना देवस्थान इनाम नाही ना, हा माझा ठरलेला प्रश्न असतो. चालू सातबारा स्वच्छ असतो, गोम जुन्या फेरफारात असते. वकिलाकडून किमान 30 वर्षांचा शोध अहवाल घ्या. त्याला सांगा की फेरफार हस्तलिखितापासून काढ, ऑनलाइन दिसतात तेवढ्यावर थांबू नको. जुन्या दस्तात रि.स.नं. (रिव्हिजन सर्व्हे नंबर) असतो आणि नव्यात गट नंबर, या दोन्हींचा मेळ त्याने लावून दाखवला पाहिजे. मग पुढारीसारख्या इथल्या पेपरात जाहीर नोटीस द्या. पुण्याच्या आवृत्तीत दिली तर हरकत घेणारा चुलतभाऊ वाचणार नाही.

मोजणी मात्र स्वतः उभं राहून करून घ्या. भूमी अभिलेखची हद्दकायम मोजणी, मालकाच्या अर्जावर. मालक म्हणेल कुंपण आहे की, मोजणी कशाला? चिऱ्याचं कुंपण गवंडी घालतो आणि गवंडी दोरी धरतो त्याच्या सोयीने. गेल्या उन्हाळ्यात एका बंगल्यात मोजणीदाराने रोव्हर (उपग्रहावरून मोजणारं यंत्र) लावला तर हद्दीची खूण निघाली बागेतल्या आंब्याच्या आळ्यात. कुंपण शेजारच्यात चार फूट गेलेलं. आंबा घरच्यांनी लावलेला, फळं शेजाऱ्याच्या हद्दीत. दोघांची मैत्री होती म्हणून हसण्यावारी गेलं.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण या वसाहती मोडतात त्या पाण्यावर. काळम्मावाडी धरणाची थेट पाइपलाइन 2023 ला आली ती शहरासाठी, तुमच्या डोंगराला तिचा उपयोग नाही. गावच्या योजनेतून माणशी रोज 55 लिटरच्या हिशेबाने पाणी धरलेलं असतं. त्यात अंघोळी होतील, हिरवळ आणि पोहण्याचा तलाव होणार नाही. म्हणजे सगळी भिस्त बोअरवर. आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी फटींतून असतं, फट लागली तर लागली, नाहीतर दहा फुटांवर शेजाऱ्याला भरपूर आणि तुम्हाला धूळ. पन्हाळ्याकडे वर जांभा लागतो. जांभ्यात पावसाचं पाणी झटकन मुरतं आणि झटकन निघूनही जातं. ऑक्टोबरात बोअर चालू करून दाखवलं तर त्यातून काही कळत नाही. एप्रिल-मे महिन्यात जा, मोटर सलग चालवा, किती वेळाने पाणी तुटतं आणि परत भरायला किती वेळ घेतं ते घड्याळ लावून बघा. ते जमत नसेल तर सोसायटीच्या हिशेबाच्या वह्या मागा आणि मार्च ते मे यांतली टँकरची बिलं बघा. बिलं खोटं बोलत नाहीत. "आमच्याकडे टँकर कधी लागलाच नाही" असं सचिवांनी मला एकदा सांगितलं आणि त्यांच्याच वहीत एका मेमध्ये 41 टँकर निघाले.

वह्या मागाल तेव्हा आणखी दोन गोष्टी विचारा. क्लबहाऊस, तलाव, मोकळी जागा आणि आतले रस्ते यांचा सातबारा कुणाच्या नावावर आहे? विकसकाच्याच नावावर असेल तर तुम्ही 6,500 रुपये महिना दुसऱ्याच्या मालमत्तेची रंगरंगोटी करताय. महारेरा 1 मे 2017 पासून लागू झाला, ही वसाहत त्याआधीची, त्यामुळे महारेराकडे तक्रार करून हे सुटेल असं धरून चालू नका. आणि 22 पैकी किती जण देखभाल भरतात? बाहेरगावचे मालक सहसा थकवतात, मग बोजा राहणाऱ्यांवर येतो.

किती जण राहतात हे ओळखायला मी एक करतो. मंगळवारी किंवा बुधवारी रात्री आठला जाऊन फाटकाबाहेर गाडी उभी करतो आणि दिवे मोजतो. 22 पैकी सात लागले तर ती वसाहत शनिवार-रविवारची आहे. आठवीतल्या मुलीला खेळायला मैत्रीण लागते, तलाव नाही. मालकाकडून महावितरणचं बिल मागा. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. महिना 40-50 युनिटवर चाललं असेल तर त्या घरात कोणी राहत नव्हतं, आणि "रोज राहतो, कसला त्रास नाही" या बोलण्याला अर्थ नाही. वीज कुठल्या फीडरवर, म्हणजे कुठल्या वाहिनीवर आहे, ते लाइनमनला विचारा. गावठाण फीडर असेल तर बरं. शेतीच्या फीडरवर थ्री फेज ठरावीक तासांचीच असते, आणि तुम्ही दोघं घरून काम करणार.

आजूबाजूला ऊस आहे का? असणारच. नोव्हेंबर ते मार्च गळीत हंगाम, तेव्हा पाचट पेटतं आणि गॅलरीत काजळीच्या काड्या येऊन पडतात. गुऱ्हाळ जवळ असेल तर वास छान येतो, धूरही येतो. उसात बिबट्या बसतो आणि गवा तर शहराच्या वेशीपर्यंत आलेला आपण पाहिलाय. हे सगळं गावात राहणाऱ्याला ठाऊक असतं, पण "निसर्गाच्या सान्निध्यात" असं छापलेल्या पुस्तिकेत येत नाही. कचऱ्याची गाडी येते का, संडासाचा शोषखड्डा बोअरपासून किती लांब आहे, आणि वरच्या बंगल्याचा शोषखड्डा तुमच्या बोअरच्या वरच्या अंगाला तर नाही ना, एवढं जाताजाता बघून घ्या.

पुढे विकायची वेळ आली तर? मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालं आणि त्या दिवसापासून प्रत्येक एजंटच्या तोंडी तेच आहे. पन्हाळा जुलै 2025 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला, तोही दरात धरला जातोय. वकिलांना शहरात ऑफिस आणि फ्लॅट लागतील हे समजतं. पण त्यासाठी 13 किलोमीटरवरच्या बंगल्याचा गुंठा साडेसोळा लाखांवर का जावा, ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. दीड-पावणेदोन कोटींचा बंगला घेणारा माणूस कोल्हापुरात मोजकाच आहे. त्यातले बरेच जण ताराबाई पार्क किंवा नागाळा पार्क सोडत नाहीत. असे बंगले विकायला दीड-दोन वर्षं लागलेली मी पाहिली आहेत. म्हणून हा गुंतवणूक म्हणून घेऊ नका. राहायचं असेल तरच घ्या.

भाड्याने राहायचं मी म्हणालो ते गमतीत नाही. दिवे न लागणारे जे पंधरा बंगले असतात, त्यांतल्या एखाद्याचा मालक अकरा महिन्यांच्या कराराला आनंदाने तयार होतो. जूनमध्ये जा. पहिल्या पावसात कुठून पाणी झिरपतं, इंटरनेट किती वेळा जातं, शाळेच्या बसला मुलीला किती वाजता उठावं लागतं, आईवडिलांना तिथे करमतं का, हे सगळं अकरा महिन्यांच्या भाड्यात कळतं. 37 लाखांपेक्षा ते स्वस्त पडतं.

तरीही हाच बंगला हातचा जाईल असं वाटत असेल, तर संचकारपत्र (विसाराचा करार) करा, पण त्यात अटी लिहून घ्या. मोजणीत क्षेत्र कमी भरलं तर त्या प्रमाणात किंमत कमी, रस्त्याचा हक्क सिद्ध न झाल्यास विसार परत, बँकेने मूल्यांकनावरून कर्ज नाकारलं तर विसार परत. रक्कम चेकने आणि दस्त नोंदणीकृत. एजंट "टोकन द्या, आणखी दोन पार्ट्या आहेत" म्हणेल. त्या दोन पार्ट्या गेली पंचवीस वर्षं मी ऐकतोय.

राहिली ती भेग. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ती खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरकी, जोत्याकडे जाताना दिसते. प्लास्टरची भेग सहसा जाळीसारखी, केसाएवढी असते. तिरकी जाणारी भेग म्हणजे घराचा एक कोपरा खाली बसतोय, असा माझा पहिला संशय. उतारावरच्या घरात वरची बाजू कापून खालच्या बाजूला भराव टाकतात. पुढचा हॉल कापलेल्या घट्ट मुरमावर आणि मागची बेडरूम भरावावर, तर बेडरूम दर पावसाळ्यात थोडी थोडी बसते. खाली उतरून मागची भरावाची भिंत बघा. तिला पाणी निघायची छिद्रं आहेत का, आणि असतील तर पावसाळ्यात त्यातून पाणी येतं की ती मातीने बुजली आहेत? भिंत पोटात फुगली असेल तर काम मोठं आहे. 2021 च्या जुलैमध्ये पन्हाळ्याचा मुख्य रस्ताच खचला होता, हा डोंगर पाणी पिऊन कसा वागतो ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

मालकाची परवानगी घेऊन एक करा. फोटोफ्रेमवाल्याकडून बोटभर रुंदीच्या पातळ काचेच्या तीन पट्ट्या आणा. भेगेवरचा रंग आणि पुट्टी खरवडून काढा आणि खाली, मध्ये, वर अशा पट्ट्या भेगेला आडव्या, दोन्ही टोकांना एपॉक्सीने चिकटवा. शेजारी भिंतीवर पेन्सिलने तारीख लिहा. पट्ट्या मेच्या शेवटी लावा आणि सप्टेंबरात बघा. काच अख्खी असेल तर भेग जुनी आहे, भरून रंग मारला की झालं. तडकली असेल तर आधी एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला नेऊन दाखवा, मग किमतीचं बोला. मालकाने पट्ट्या लावायलाच नकार दिला, तर तसं मला कळवा, मग बाकीच्या चौकशीत तुमचा वेळ घालवायला मी सांगणार नाही.